छोट्या चरबीला गेटपास लागत नाही

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बिरादार काका उभे असतील तर शहाणी माणसं जिन्याने जातात. मी सातव्या मजल्यावर राहते आणि माझे गुडघे माझ्या शहाणपणाला साथ देत नाहीत. त्यामुळे मी आत शिरते, आणि दार पुरतं मिटायच्या आत काका सुरू होतात.

"मॅडम, समजा, तुमी म्हंजे चरबी."

रविवारची सकाळ, माझ्या हातात भाजीची पिशवी, लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावर निघालेले दोन परके पाहुणे, आणि हे वाक्य. त्यातल्या एकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. समजायला त्याला फारसं जड गेलं नसावं.

"तर तुमी लांब साखळीची चरबी," काका बोट वर करून म्हणाले. "तुमाला जायचंय भट्टीत, जळायला. पन गेटवर सिक्युरिटी बसलेला हाय. तो म्हनतोय, पास दाखवा. पास न्हाई? थांबा तितंच. आता हे पाव्हणे बघा, अंगानं बारीक. हे छोट्या साखळीची चरबी. ह्येंना कोन इचारतंय? सरळ आत, सरळ भट्टीत, खल्लास! थिअरी क्लिअर हाय का? छोट्या चरबीला गेटपास लागत न्हाई."

भट्टीत खल्लास झालेले पाहुणे पाचव्याऐवजी तिसऱ्याच मजल्यावर उतरले. मला तशी सोय नव्हती.

आता मी स्वतः इथल्या एका शाळेत सोळा वर्षं दहावीला विज्ञान शिकवते. पेशी, ऊर्जा, पचनसंस्था हे सगळं मी तापात असतानाही शिकवलेलं आहे. पण या लिफ्टमध्ये मी शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी असते. एकदा माझाही संयम सुटला आणि मी म्हटलं, "काका, पेशीत गेट वगैरे काही नसतं." काकांनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मला माझीच शिकवणी लावावीशी वाटली. "वाचा परत," एवढंच म्हणून ते उतरले.

घरी येऊन मी मुलीचं कॉलेजचं जाडजूड पुस्तक उघडलं. पेशीतल्या त्या भट्टीला दुहेरी भिंत असते. लांब साखळीच्या चरबीला आतली भिंत स्वतःच्या बळावर ओलांडता येत नाही. कार्निटीन नावाचा एक पदार्थ तिला हाताला धरून आत नेतो. छोट्या साखळीची चरबी मात्र कुणाच्या मदतीशिवाय आत सरकते आणि लगेच जळून जाते, कमरेवर मुक्काम करायला थांबत नाही. काका अक्षरशः बरोबर होते. त्या दिवशी माझ्या हातून तीन पोळ्या करपल्या.

बिरादार काका मूळचे उदगीरकडचे. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत लुब्रिकेशन इनचार्ज, म्हणजे तिथल्या झाडून सगळ्या मशिनींना वेळेवर तेल-पाणी मिळतंय की नाही हे बघणारे. जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं त्यांचं मत आहे: ज्यांना तेल कळतं ती, आणि बाकीचे. बाकीच्यांत आम्ही सगळे येतो. "आपलं डिपार्टमेंटच तेलाचं," हे वाक्य ते अशा थाटात म्हणतात, जणू बाकीच्या खात्यांना सरकारने अजून मान्यता दिलेली नाही.

दिवाळीत फराळाला बोलावलं की काका चकली खात नाहीत. ती अंगठा आणि तर्जनीत चुरडतात, बोटं एकमेकांवर घासतात, वास घेतात आणि निकाल देतात. "हे तेल दुसऱ्यांदा तापवलंय." चार घरांनी त्यांना बोलावणं सोडलं. आमचं पाचवं ठरणार होतं, पण तेवढ्यात त्यांच्या पत्नी, मैनाकाकू, स्वतःच आमच्यासाठी डबाभर चकल्या घेऊन आल्या आणि माझा राग विरघळला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका तेलाची पिचकारी घेऊन इमारतभर फिरतात आणि दिसेल त्या बिजागरीत तेल सोडतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या झोपाळ्याची करकर त्यांनी न विचारता बंद केली. चाळीस वर्षं त्या करकरीवर झोपणाऱ्या आजींना आता दुपारी डोळा लागत नाही. काकांना कुणी हे सांगितलं तर ते म्हणतात, "आभार मानायची गरज न्हाई."

अशा सुखी माणसाच्या घरात गेल्या वर्षी आजारपण शिरलं. मैनाकाकूंच्या पोटात दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून ओवा झाला, हिंग झाला, शेकून झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की आतड्याला पीळ पडलाय आणि बरंचसं लहान आतडं काळं पडलंय. ते कापून टाकावं लागलं. उरलं ते हातभर. मोठं आतडं तेवढं शाबूत होतं. आता तोंडाने खाल्लेलं अंगी लागणार नव्हतं, म्हणून छातीजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून त्यातून सगळं पोषण द्यायला सुरुवात झाली. साखर, प्रथिनं, क्षार, आणि एक दुधासारखी पांढरीशुभ्र पिशवी.

काका तोपर्यंत खुर्चीत मुकाट बसून होते म्हणे. पिशवी बघून त्यांनी सिस्टरला विचारलं, "दूध हाय का वो हे?"

"दूध नाही काका, फॅट आहे. तेल. पाण्यात मिसळलेलं."

झालं. त्या भल्यामोठ्या दवाखान्यात काकांच्या खात्यातला शब्द पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला होता. काका उठून उभे राहिले. मशीनवर लोखंड कापताना जे पांढरं पाणी सोडतात, ते कूलंट, तेही पाण्यात मिसळलेलं तेलच. अठ्ठावीस वर्षं काकांनी दुसरं काय पाहिलं होतं? दुसऱ्या दिवशी ते कंपनीतून एक छोटी दुर्बिणीसारखी नळी खिशात घालून आले. तिच्या काचेवर कूलंटचा थेंब ठेवला की त्यात तेल किती ते कळतं. "एकच थेंब द्या सिस्टर, कॉन्सन्ट्रेशन बघतो." सिस्टरने त्यांना दुर्बिणीसकट वॉर्डाबाहेर काढलं. काकांच्या मते हा व्यवस्थापनाचा कामगारांवरचा जुना अविश्वास होता.

मग त्यांना आहारतज्ज्ञ बाई सापडल्या. वयाने माझ्या माजी विद्यार्थिनी शोभतील अशा. त्या बिचारीने चूक एकच केली. काकांनी विचारलं आणि तिने नीट उत्तर दिलं. तेलात लांब साखळीची चरबी असते, मध्यम साखळीची असते, आणि छोट्या साखळीचीही एक असते, असं तिने कागदावर रेघा काढून समजावलं. छोटी कशी भराभर जळते, साठत नाही, आणि आतड्याच्या अस्तराला तीच कशी खाऊ घालते, हेही सांगितलं. काकांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. नंतर कागदाचं लॅमिनेशन करून आणलं.

"मग आमच्या पिशवीत छोटी किती हाय?"

"नाही काका. लांब आणि मध्यम आहे, सोयाबीनची आणि खोबऱ्याची. छोट्या साखळीची पिशवी बाजारात मिळत नाही. प्रयोग झालेत, पण वापरात नाही. आणि भसाभस दिली तर रक्तात आम्ल वाढू शकतं."

काकांनी थोडा विचार केला. "कंपनीत बनवू का? आपल्याकडं मिक्सर हाय."

आहारतज्ज्ञ बाईंनी त्या दिवशी जेवण लवकर आटोपलं असं ऐकते.

काकू घरी आल्या त्या पिशवीसकट. संध्याकाळी लावायची, सकाळी काढायची. नळीला जरा जरी जंतू लागला तरी तो थेट रक्तात जाणार, म्हणून डॉक्टरांनी स्वच्छतेची सक्त ताकीद दिलेली. काकांना सक्त ताकीद देणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक नसावं. काकांनी निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असतानाच नोकरी सोडली आणि चाकणची कंपनी मोशीतल्या आमच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आणली. दारात रजिस्टर आलं. नाव, वेळ, भेटीचं कारण, हात धुतले हो किंवा नाही. गळ्यात घालायला 'व्हिजिटर' लिहिलेली कार्डं आली. पिशवी लावण्याआधी काका ती ट्यूबलाइटसमोर धरून अर्धा तास बघत, वर तेलाचा तवंग सुटलाय का म्हणून. नळी कशी हाताळायची ते शिकवायला आलेली सिस्टर म्हणाली, असा नातेवाईक तिने पाहिला नाही. ती कौतुकाने म्हणाली की थकून, हे मला कळलं नाही.

आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमच्या इमारतीच्या हाडीमांसी खिळलेलं. त्यामुळे जिला तोंडाने काही खाता येत नाही अशा बाईसाठी तीन आठवड्यांत शिरा, सूप, नाचणीचं सत्त्व, दोन प्रकारचे लाडू आणि एक अख्खं कलिंगड येऊन गेलं. काका प्रत्येक गोष्ट रजिस्टरमध्ये लिहायचे: 'शिरा, डबा एक, आत प्रवेश नाही.' डबा तसाच हातात परत. वर लांब साखळी, छोटी साखळी, गेटपास. बायका डबा घेऊन खाली येईपर्यंत त्यांची काकूंबद्दलची माया निम्मी उरायची.

मीही गेले होते. गळ्यात कार्ड अडकवून, कोपरापर्यंत हात धुऊन. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेंगदाण्याची चटणी वाटता वाटता तीन मजल्यांशी गप्पा मारणारी ही बाई. "काकू, बरं वाटतंय का?" म्हटलं. "हं." "उन्हात बसायचं का थोडं?" "हं." काका शेजारी उभे राहून बोलतच होते, लिव्हर, पित्त, रक्ताचा रिपोर्ट. काकू त्यांच्याकडेही बघत नव्हत्या. खरं सांगते, मला काकांचा राग आला. म्हटलं, या माणसाला बायको दिसते की नुसती पिशवी दिसते?

पुढे काकूंच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसायला लागला. शिरेतून महिनोन् महिने पोषण गेलं की काहींच्या लिव्हरला ते झेपत नाही. उरलेल्या आतड्याने कामाला लागायला हवं, नाहीतर पुढचं अवघड, असं डॉक्टरांनी काकांना बसवून सांगितलं. काकांनी पुन्हा तीच टेप लावली. छोटी चरबी द्या, ती आतड्याला उठवेल, तिला गेटपास लागत नाही. तेव्हा त्या आहारतज्ज्ञ मुलीने त्यांना मधेच थांबवलं.

"काका, तुम्हाला छोटी चरबी हवी ना? ती कुठल्या कारखान्यात बनवायला नको. काकूंचं मोठं आतडं शाबूत आहे. भाताची पेज, पिकलेलं केळं यातलं जे पचत नाही ते तिथपर्यंत पोचतं आणि तिथले जंतू त्याचीच छोटी चरबी बनवतात. मोठं आतडं ती शोषून घेतं. रोज दोन चमचे पेज द्यायला लागा. दोन आठवडे पोटाने ती धरली तर आपण पिशवी कमी करायला घेऊ."

त्या दिवशी लिफ्टमध्ये काका एक अक्षर बोलले नाहीत. सातवा मजला आला तरी त्यांना सहाव्यावर उतरायचं भान नव्हतं. माझ्यामागून माझ्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, पेज कशी करत्यात वो?"

पेशीच्या भट्टीची दुहेरी भिंत ज्याला तोंडपाठ, त्याला तांदूळ शिजवता येत नव्हता. एकतीस वर्षांत काकूंनी त्यांना ओट्याजवळ उभं केलं नव्हतं. कढईत डोकावून तेलावर भाषण देणाऱ्याला कोण उभं करेल? मी त्यांना आत घेतलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. लिफ्टमधल्या सगळ्या तासांची परतफेड करायची संधी चालून आली होती.

"एक मूठ तांदूळ घ्यायचे," मी सुरू केलं.

काकांनी डायरी काढली. "कोनाची मूठ?"

"तुमची घ्या."

"किती ग्रॅम झाली ती?"

"तेवढं काही मोजायचं नसतं. पाणी जरा जास्त घालायचं."

"जरा म्हंजे किती? अन् मीठ?"

"चवीपुरतं."

काकांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुमी शाळेत असंच शिकवता का?"

उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून मी पोरांचा अर्धा मार्क कापते. शेवटी मुलीचं प्रयोगशाळेतलं मोजपात्र शोधून काढलं आणि माझ्या घरातली पेज आयुष्यात पहिल्यांदा मिलिलिटरमध्ये लिहिली गेली.

पुढचे पाच दिवस काका रोज सकाळी वाटीत नमुना घेऊन दारात हजर. पेज बोटांत घेऊन अंगठ्यावर घासायची. "ग्रेड जाड पडला," म्हणून स्वतःच नापास करायचे. मला ओठही लावू द्यायचे नाहीत. एकदा खाली लागली, एकदा नुसतं पाणी झालं. नापास पेज वाया घालवायची नाही म्हणून तिन्हीत्रिकाळ स्वतः तीच पीत होते, आणि गालफडं बसली होती. पाचव्या दिवशी त्यांनी मला चव घेऊ दिली आणि डायरीत माझी सही घेतली. मी सही केली. हसू आलं होतं, पण केली.

पुढचं आधीच सांगून टाकते. पोटाने पेज धरली. मधे दोनदा बिघडलं, एकदा पुन्हा दवाखाना झाला, पण हळूहळू केळं आलं, मऊ भात आला, आणि आता आठवड्यातले चारच दिवस पिशवी लागते. डोळ्यांचा पिवळेपणा उतरलाय. डॉक्टर म्हणतात, अजून बराच पल्ला आहे. हे सगळं झालं, पण मला सांगायचंय ते पहिल्या चमच्याचं.

सकाळचे दहा वाजले होते. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, रजिस्टरमध्ये भेटीचं कारण 'ट्रायल' असं लिहून. काकूंना खिडकीशी खुर्चीत बसवलेलं. काकांच्या हातात वाटी, चमचा, आणि तोंड चालू.

"हे बघ मैना, आता ही पेज जाईल जठरात. तितं थांबायचं न्हाई तिनं. मग तुजं ते हातभर आतडं. तितनं सुटली की मोठ्या आतड्यात. तितं जंतू बसल्यात वाट बघत. ते करनार छोटी चरबी. मी काय सांगलालो, कळतंय का? थिअरी क्लिअर ठेव. हां, आ कर. आता जिभेवर..."

काकूंनी घास तोंडात घेतला. सात महिन्यांनी. डोळे मिटले. तो घास त्यांनी गिळला नाही, नुसता तोंडात धरून ठेवला, आणि काका आपले बोलतच होते, लाळेत काय असतं, तिने पिठाची साखर कशी होते.

काकूंनी घास गिळला आणि डोळे उघडले.

"आवो, गप बसा की जरा! घास तरी सुखानं गिळू द्या मला."

काका थांबले. मधल्या शब्दावर थांबले. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि तडक गॅलरीत निघून गेले. इमारतीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर आलेलं वाक्य अखेर कुणीतरी बोललं होतं, त्यामुळे मला मनातून बरंच वाटलं. पण माणूस दुखावला असेल, दोन शब्द बोलावेत, म्हणून मीही वाटीसकट मागोमाग गेले.

काका कठडा धरून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"काका, मनावर घेऊ नका. आजारी माणूस आहे, चिडणारच."

ते वळले. रडत होते आणि हसतही होते. "मॅडम, ऐकलं का तुमी? गप बसा म्हनली."

"हो, ऐकलं."

"एकतीस वर्षं रोज म्हनायची. दिवसातनं धा येळा. ऑपरेशन झाल्यापास्नं एकदाबी न्हाई म्हनली." त्यांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "मी काय बी बोललो तर हं. मुद्दाम बोलायचो मी. चुकीचं बी बोलायचो, तिनं चिडावं म्हनून. निस्तं हं. येवढं घर, अन् त्यात माजाच आवाज. मग लिफ्टमदी कोन दिसलं की..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने मी या माणसाला टाळता येत नाही म्हणून गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत होते, याची मला लाज वाटली.

आतून काकूंचा आवाज आला, बारीक पण चांगला खणखणीत. "कुटं गेलाव वो? पेजंत मीठ कुटंय?"

"जा की आत," मी म्हटलं. "हाक मारतायत."

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी कठडा आणखी घट्ट धरला.

"थांबा वो मॅडम," ते हळूच म्हणाले. "अजून एकदा मारू द्या."

मी वाटी धरून त्यांच्या शेजारी उभी राहिले.